सीमा परबांचा जबाब, सीमा परबांसमक्ष

घोडपदेव आणि कॉटन ग्रीनच्या मध्ये एक पोलीस ठाणं आहे, असं धरून चाला. नाव विचारू नका, सांगणार नाही. नाव सांगितलं की कुणीतरी शोधायला जाणार, आणि तिथला भलताच एखादा सज्जन माणूस फुकट अडकणार. आपल्याला ते पाप नको. आपलं काम हवालदार सीमा परब यांच्याशी.

सीमा या ठाण्यात सहा वर्षं होती. वय शेहेचाळीस, अक्षर मोत्यासारखं, आणि जबाब लिहून घेण्यात तिचा हात धरणारा आसपासच्या पाच ठाण्यांत नव्हता. समोरचा माणूस कितीही गोल गोल बोलू दे, सीमा त्याला दोन प्रश्नांत सरळ करायची. ठाण्यातला निम्मा कागद तिच्या हातचा. सीनियर साहेब, म्हणजे वरिष्ठ निरीक्षक रमाकांत राजाध्यक्ष, तिनं पुढे ठेवलेल्या कागदावर न वाचता सही करायचे. ‘सीमाताईंनी लिहिलंय ना, मग वाचायचं काय?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिरगावातला माणूस, बोलणं शुद्ध, वागणं गोड. इथं आल्यापासूनच्या दोन वर्षांत सीमाला एकदाही अगं-तुगं केलं नाही. पण गोड माणसांचा एक ताप असतो. त्यांच्याशी भांडायचं कुठून, तेच कळत नाही.

आणि सीमाला भांडायचं होतं. कारण एकच : ठाण्याची मोठी व्हॅन.

आठ वर्षांपूर्वी सीमानं पोलीस खात्याचा गाडी चालवण्याचा कोर्स पास केला होता. बत्तीस जणांत बाई ही एकटीच, आणि नंबर तिसरा. सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घालून आणलं, लायसन्स वेळच्या वेळी नवीन करून घेतलं, आणि चावी मात्र आठ वर्षांत एकदा हातात आली नाही. आधीच्या ठाण्यातही नाही, इथंही नाही. दर वेळी कारण नवं. क्लच कडक आहे. सीट मागे आहे. गिअरचा दांडा जुना आहे. एका साहेबांनी तर कमाल केली. म्हणाले, ‘‘बाई गाडी चालवतेय बघून मागे बसलेले आरोपी काय म्हणतील?’’ आता आरोपींच्या मताला एवढी किंमत आपल्याकडे कधीपासून आली, ते त्यांचं त्यांना माहीत.

मग सीमाला मिळायचं काय? बुके. ठाण्यात कुणी पाहुणा आला, शांतता कमिटीची बैठक असली, मंडळांचा सत्कार असला की हाक यायची, ‘सीमाताई, बुके!’ बुके दे, नाहीतर ओवाळ, नाहीतर दारातली रांगोळी बघ. डायरीत याची नोंद ‘सत्कार बंदोबस्त’ अशी व्हायची. एका दुपारी सीमानं चिडून मागची डायरी चाळली, तर तिच्या नावावर असले एकसष्ट बंदोबस्त निघाले. एकसष्ट! एवढे तर तिच्या आख्ख्या नोकरीत चोर पकडून झाले नव्हते.

त्यातच व्हॅनचे ड्रायव्हर बाबुराव निवृत्त व्हायला आले. महिन्याच्या एकतीस तारखेला त्यांचा शेवटचा दिवस. सीमा साहेबांकडे गेली आणि म्हणाली, ‘‘साहेब, आता तरी गाडी मला द्या.’’

‘‘अहो सीमाताई,’’ साहेब हसून म्हणाले, ‘‘मी परवाच नवा ड्रायव्हर मागितलाय. तरुण मुलगा आहे. तुम्ही कशाला त्या धुळीत?’’

नवा मुलगा एकदा येऊन बसला की निदान पाच वर्षं हलायचा नाही. पाच वर्षांनी सीमा एक्कावन्न. मग कारण तयारच असणार : आता वय झालं. म्हणजे आत्ता नाही, तर कधीच नाही.

घरी येऊन तिनं भांडी जरा जास्तच आपटली. आई, गंगुबाई, कोपऱ्यात बसून पेपरातली चित्रं बघत होती. म्हातारीनं परळच्या मिलमध्ये तीस वर्षं धाग्याच्या कांड्या भरल्या होत्या. तिला भांड्यांची भाषा बरोबर कळायची.

‘‘काय झाला गो?’’

सीमानं सगळं सांगितलं. गंगुबाईनं चष्मा काढून पदराला पुसला.

‘‘आमका पण साचो कधी दिल्यानी नाय,’’ ती म्हणाली. साचो म्हणजे मिलमधला कापड विणायचा माग. ‘‘माका येय होतो चालवूक. जेवणाच्या सुट्टीत बापयांचो बघून बघून शिकलंय. पण कोणी दिल्यानी नाय.’’

‘‘मग तू काय केलंस?’’

‘‘काय नाय. मी इचारूकच नाय.’’ म्हातारीनं चष्मा परत घातला. ‘‘तू इचार. तोंडान नको, कागदावर इचार.’’

दुसऱ्याच दिवशी सीमानं एसीपींच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. विषय : महिला असल्याच्या कारणावरून कामाच्या वाटपात होत असलेला भेदभाव. अकरा मुद्दे, सोबत सर्टिफिकेटची प्रत, सोबत एकसष्ट बुक्यांची तारीखवार यादी.

आता सरकारी कागदाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तो वर गेला की वर राहत नाही, त्याला खालची ओढ असते. चार दिवसांत अर्ज एसीपींच्या कार्यालयातून फिरून पुन्हा ठाण्यात आला, कपाळावर शिक्का घेऊन : ‘संबंधितांचे जबाब नोंदवून अहवालासह सादर करावे.’ संबंधित कोण, हे बघायला तो वाचावा लागतो. राजाध्यक्ष साहेबांनी तो वाचला नाही. अर्जदार बाई आहे एवढं त्यांच्या नजरेनं टिपलं, आणि हातानं सवयीनं शेरा मारला : ‘तक्रारदार महिला आहे. जबाब महिला अंमलदारानेच घ्यावा. म. हवालदार परब यांच्याकडे.’ खाली लफ्फेदार सही.

बाईचा जबाब बाईनं घ्यायचा, हा त्या ठाण्याचा दंडक होता आणि साहेबांना त्याचा अभिमानही होता. ठाण्यात बायका तीन. एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरी महिनाभर ट्रेनिंगला, आणि तिसरी सीमा.

कागद टेबलावर आला तेव्हा सीमानं तो तीनदा वाचला. मग उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

‘‘साहेब, हा अर्ज माझाच आहे.’’

‘‘हो, तुमच्याकडेच दिलाय.’’

‘‘तसं नाही साहेब. तक्रारदार मी आहे.’’

साहेबांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच कागद वाचला. पहिल्या मुद्द्याला भुवया वर गेल्या, चौथ्याला खाली आल्या, आणि बुक्यांच्या यादीपाशी ते खरोखर दुखावले.

‘‘माझ्याविरुद्ध, सीमाताई? मी तुम्हाला कधी उलट शब्द बोललो?’’

‘‘नाही साहेब.’’

‘‘मग?’’

‘‘शब्द नको होता साहेब. चावी हवी होती.’’

साहेबांनी यादीची घडी घालून ती बाजूला ठेवली. सीमालाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग ती म्हणाली, ‘‘मी माझाच जबाब कसा घेऊ? शेरा बदला ना.’’

‘‘कसा बदलू?’’ साहेब वैतागले. ‘‘आवक नोंदवहीत चढलाय तो. आता खोडला तर खाडाखोड दिसेल. माझ्याविरुद्धच्या अर्जावर मीच खाडाखोड केली म्हटल्यावर माझी काय शोभा राहील? नाही नाही. शेरा मारलाय तो मारलाय. घ्या तुम्हीच.’’

बघा, भेदभावाची तक्रार त्यांना पचली असती, खाडाखोड नसती पचली.

तर एका दुपारी जेवणाच्या वेळेला सीमा मागच्या खोलीत कोरे कागद, कार्बन आणि डबा घेऊन बसली. ‘मी, सीमा परब, वय ४६ वर्षे, धंदा पोलीस नोकरी, राहणार घोडपदेव, समक्ष विचारले असता सांगते की...’ इथवर हात सवयीनं चालला. मग थांबला. समक्ष कुणाच्या? तिनं इकडे तिकडे बघितलं आणि खुर्ची जरा सरळ केली.

पहिले प्रश्न सोपे होते. कोर्स कधी केला, चावी किती वेळा मागितली, कोण काय म्हणालं. सीमा प्रश्न पुटपुटायची आणि उत्तर मोठ्यानं द्यायची. शिपाई राहुल पाण्याची बाटली घ्यायला आला आणि दारातच थबकला.

‘‘मॅडम, कोणाशी बोलताय?’’

‘‘तक्रारदाराशी.’’

‘‘कुठाय?’’

‘‘जेवतेय. तू जा.’’

राहुल बाटली न घेताच गेला.

आणि मग तो प्रश्न आला. दुसऱ्या कुणाचा जबाब असता तर सीमानं तो पहिल्या पाच मिनिटांतच विचारला असता. *आठ वर्षे अन्याय होत होता, तर यापूर्वी लेखी तक्रार का केली नाही?* तिनं लिहिलं : ‘कामाच्या व्यापामुळे.’ लिहिलं आणि स्वतःच नाक मुरडलं. समोर बसलेल्या बाईनं हे उत्तर दिलं असतं तर सीमानं तिला सोडलं असतं का? मुळीच नाही. म्हणाली असती, ‘बाई, खरं सांगा, माझाही वेळ जातोय.’ तिनं कागद फाडला आणि नवा घेतला. डब्यातली भाकरी सुकून गेली.

शेवटी तिनं लिहिलं : ‘मला वाटत होते की, चांगले काम केले की मागावे लागणार नाही, आपोआप मिळेल. तसेच मला भांडकुदळ म्हणतील अशी भीती वाटत होती. तसेच बुके देताना पेपरात फोटो येतो, तो माझ्या आईला आवडतो व थोडासा मलाही आवडत होता. त्यामुळे मी गप्प बसले. यात चूक माझीही आहे.’

हे शेवटचं वाक्य तिच्या बाजूचं नव्हतं. तिच्यातल्या तक्रारदार बाईला ते गाळायचं होतं, आणि तिच्यातली हवालदार काही गाळू देईना. राहिलं ते तसंच. खाली तिनं सही केली, मग ‘समक्ष’ लिहून परत सही केली, आणि नाक पुसून हात धुवायला गेली.

मग पाळी साहेबांची. त्यांचा जबाब घ्यायलाही ठाण्यात दुसरं कुणी मिळेना. राहुलला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘सीनियर साहेबांना मी प्रश्न विचारू? मॅडम, मला अजून बावीस वर्षं नोकरी करायचीय.’’ साहेबांनी स्वतःच हाक मारली. चहा आला, बटाटेवडे आले.

‘‘विचारा सीमाताई. संकोच करू नका.’’

‘‘सदर महिला हवालदार गाडी चालवण्यास पात्र आहेत काय?’’

‘‘आहेत की. सर्टिफिकेट तुम्हीच तर दाखवलं होतं.’’

‘‘मग त्यांना आजपर्यंत गाडी का दिली नाही?’’

सीमाचा आवाज बदलला नव्हता, नजरही नाही. ही तिची जुनी हातोटी. समोरच्याला वाटायचं आपण गप्पाच मारतोय. साहेबांनी वडा चटणीत बुडवला आणि मनापासून विचार केला.

‘‘खरं सांगू? तुम्ही गाडीवर गेलात तर इथं लिहिणार कोण? मी तर एक कागद वाचत नाही, सगळं तुमच्या जिवावर. आणि पाहुणा आला तर बुके कोण देणार? राहुलनं दिलेला बरा दिसतो का? त्या कामाला बाईच हवी.’’

‘‘पुरुष हवालदाराचं अक्षर चांगलं असतं, तर त्याची गाडी अडवली असती का?’’

‘‘छे हो! तो ऐकतोय कशाला?’’ साहेब हसले. मग हसणं जरा मध्येच थांबलं, पण तेवढ्यात फोन वाजला.

‘‘हे असंच लिहू, साहेब?’’

‘‘लिहा लिहा. खरं तेच लिहा,’’ फोनवर हात ठेवून साहेब म्हणाले.

सीमानं लिहिलं. आणि इथं तिच्या मनात पाप आलं. ओळीच्या शेवटी थोडी जागा उरली होती. तिथं नुसतं ‘जाणूनबुजून’ एवढं बसलं असतं, तर साहेबांची पुरी वाट लागली असती, आणि ते वाचणारही नव्हते. पेन कागदावर टेकलं होतं. तिनं ते उचललं आणि मोकळ्या जागेत आडवी रेघ मारली, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून मारतात तशी.

‘‘साहेब, वाचून दाखवते.’’

‘‘सीमाताई, तुम्ही लिहिलंय ना?’’ म्हणत साहेबांनी सही केली. कुठं, तर ‘वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ या वाक्याच्या बरोबर खाली.

एकतीस तारीख उजाडली. बाबुरावांच्या निरोपाला एसीपी मृणालिनी देवस्थळी येणार होत्या. दादरच्या बाई, शिस्तीच्या कडक. व्हॅनला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, कारण निवृत्त माणसाला ठाण्याच्या गाडीतून घरी सोडायची तिथली रीत. पण ज्याला सोडायचं तोच ड्रायव्हर. सोडणार कोण, याचा विचार कुणाच्याही डोक्यात आलेला नव्हता.

आणि एसीपींना बुके कोण देणार? हाक आलीच. ‘‘सीमाताई, बुके!’’

सीमा बुके घेऊन केबिनमध्ये गेली, तर मॅडमच्या पुढे तिचीच फाइल उघडी. समोर राजाध्यक्ष साहेब ताठ उभे. सीमा भिंतीला टेकून थांबली. बुके देण्याची ही काही वेळ दिसत नव्हती.

‘‘परब, तुमचा जबाब कोणी घेतला?’’

‘‘मी, मॅडम.’’

‘‘तुमचा जबाब तुम्हीच घेतला?’’

‘‘शेरा तसा होता, मॅडम.’’

मॅडमनी कपाळाला हात लावला. ‘‘वीस वर्षांत असला प्रकार बघितला नाही. हा जबाब बाद. कचऱ्यात. पुन्हा चौकशी अधिकारी नेमायचा, पुन्हा सगळं करायचं. दोन महिने तरी जातील.’’

नवा ड्रायव्हर एक-दोन दिवसांत यायचा होता. दोन महिन्यांनी न्याय मिळाला काय, न मिळाला काय, गाडीत दुसरा बसलेला असणार. सीमाच्या हातात बुक्याचा कागद चुरगळला.

मॅडमनी पान उलटलं. ‘‘हा दुसरा मात्र निदान कागदावर तरी रीतसर दिसतो. जबाब देणारे वरिष्ठ निरीक्षक, घेणाऱ्या हवालदार परब.’’ त्या मोठ्यानं वाचू लागल्या. पात्र आहेत. गाडीवर गेल्या तर लिहिणार कोण. बुके कोण देणार. तो ऐकतोय कशाला. एकेक वाक्य केबिनमध्ये पडत होतं आणि साहेबांचा चेहरा उतरत होता. चहा-वड्याबरोबर निघालेली वाक्यं इस्त्रीच्या गणवेशात ऐकायला फार वाईट लागतात.

‘‘राजाध्यक्ष, हे तुम्ही बोललात?’’

आता सुटायला एक वाट होती. मी असं बोललोच नाही, तक्रारदारानंच जबाब लिहिलाय, तिनं तिच्या सोयीनं लिहिलं. एवढं म्हटलं की हाही कागद कचऱ्यात. साहेबांना ती वाट दिसली. सीमालाही दिसली. तिनं डोळे मिटले.

साहेबांनी हात पुढे करून कागद मागितला आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या रेघेपर्यंत. रेघेपाशी ते जरा जास्त थांबले. मोकळ्या जागेत पोलीस रेघ का मारतात, हे त्यांना कळत होतं.

‘‘बोललो, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘मला नीट आठवत नाही, पण यांनी लिहिलंय म्हणजे बोललोच असणार. दोन वर्षांत यांनी एक अक्षर चुकीचं लिहिलेलं नाही.’’

‘‘आणि इतक्या भरवशाच्या माणसाला तुम्ही गाडी दिली नाहीत.’’

साहेबांनी कागद परत मॅडमच्या पुढे ठेवला.

मॅडमनी फाइल मिटली. ‘‘त्या नव्या ड्रायव्हरचं पत्र माझ्या टेबलावर सहीला पडलंय. ते आज परत जाईल. गाडीवर परब. चौकशीचं पुढे काय करायचं ते मी बघते, आणि यापुढे कागद वाचून सही करा.’’ मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. ‘‘तो बुके माझ्यासाठी आहे का?’’

‘‘हो मॅडम,’’ सीमा म्हणाली आणि पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात साहेबांनी तिच्या हातातून बुके घेतला आणि स्वतः मॅडमना दिला. दिला अगदी गबाळेपणानं, फुलं खाली, दांड्या वर. पण दिला.

खाली बाबुरावांनी खिशातून चावी काढली, कपाळाला लावली आणि सीमाच्या हातावर ठेवली. ‘‘ब्रेक जरा आधीपासून दाबायचा गं पोरी, बाकी गाडी गरीब आहे.’’

सीमा चढून बसली, तर पाय पोहोचेनात. बाबुराव सहा फुटी. सीट मागे सरकवलेली ती तेरा वर्षं तिथंच, दांडा गंजून घट्ट. सीमानं ओढलं, हलेना. राहुलनं जोर लावला, हलेना. शेवटी राजाध्यक्ष साहेबांनी टोपी काढून राहुलच्या हातात दिली, मागच्या दारातून आत शिरले आणि सीटला दोन्ही हातांनी रेटा दिला. सीट किंचाळली आणि टुणकन पुढे आली.

‘‘पोहोचतात का पाय?’’ मागून धापा टाकत त्यांनी विचारलं.

‘‘पोहोचतात, साहेब.’’

गाडी निघाली. बाबुराव आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत मागे बसले आणि तेवढ्यात तीनदा रडले. सीमाच्या शेजारी साहेब, मांडीवर बाबुरावांचा हार, शाल आणि नारळ. घोडपदेवच्या नाक्यावर गंगुबाई भाजीची पिशवी घेऊन उभी होती. सीमानं ब्रेक आधीपासून दाबला आणि गाडी बरोबर म्हातारीच्या पुढ्यात थांबवली.

गंगुबाईनं आधी माळा बघितल्या. मग नारळ घेऊन बसलेले साहेब बघितले. मग पुढे येऊन खिडकीतून हात घातला आणि स्टिअरिंगवरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

‘‘इचारलंस?’’ तिनं विचारलं.

‘‘इचारलं,’’ सीमा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

म्हातारीनं हात काढून घेतला. ‘‘मगे जा आता,’’ ती म्हणाली. ‘‘मागचो टेम्पोवालो कधीपासून हॉर्न मारता.’’